अर्थ लागत नाही

त्या माणसाने वळून पाहिलं, ती नजर महिना झाला तरी डोळ्यांपुढून हलत नाही. जुलैचा दुसरा आठवडा. हेलवाक मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायला लागले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, पण धुकं असं दाटलेलं की दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. हेडलाईट लावलेले, वायपर सारखे चालू, आणि आतून काचेवर धरणारा दमटपणा मी एका हाताने पुसत होते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा हे मला गाडी शिकण्याआधीपासून पढवलेलं. दिला. म्हणजे अंगठ्याने दाबला, पण काहीच झालं नाही. नीट दाबला गेला नसेल म्हणून तळव्याने जोर दिला. स्टेअरिंगचं प्लास्टिक दबल्याचं तेवढं हाताला कळलं. तोवर वळण संपलं होतं आणि समोर चार म्हशींच्या ओल्या पाठी होत्या. ब्रेक मारला, गाडी जराशी घसरली आणि मागच्या म्हशीपासून दोन हातांवर थांबली. म्हशींच्या पुढे चालणारा तो, डोक्यावरून प्लास्टिकच्या कागदाची खोळ घेतलेला, पायात रबरी बूट. तो वळला. चिडला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं नंतर कितीदा वाटलं. नुसता म्हणाला, “ताई, हॉर्न तरी मारायचा.” आणि काठीने म्हशी कडेला घेतल्या. मी काच खाली करून सांगणार होते की मारला होता हो, वाजला नाही. पण मागून ट्रकचे दिवे दिसायला लागले, मला पुढे निघावं लागलं, आणि ते वाक्य तोंडातच राहिलं.

उरलेला घाट मी काच उघडी टाकून उतरले. पाऊस आत येत होता, पर्स भिजू नये म्हणून पलीकडे सरकवली आणि माझी उजवी बाजू भिजू दिली. प्रत्येक वळणावर गाडी जवळजवळ उभी करायची, कान बाहेर काढायचा, खालून कुणी चढतंय का ऐकायचं, मग पुढे. खालून येणारी एसटी लांबूनच पुकारा करत यायची. त्या आवाजाचा मला एवढा आधार वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. पोफळी येईपर्यंत डोक्यात एकच हिशोब चालू होता. हा हॉर्न बंद कधी पडला? आज, की महिन्यापूर्वी, की त्याही आधी? मला सांगता येईना, कारण मी हॉर्न वाजवत नाही. पुण्यात गेली कित्येक वर्षं मी हे ठरवून पाळते. सोसायटीच्या फाटकाशी कुणी वाजवला तर खाली उतरून समजावते. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ हॉर्नला बंदी आहे, हे मी लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की घरात सगळ्यांना पाठ झालंय. त्या नियमांवर माझा आजही तितकाच विश्वास आहे. पण ज्या वस्तूचा आपण इतका राग राग करतो ती शाबूत आहे की नाही हे एकदाही पाहिलेलं नसावं, याची मला घाटात लाज वाटली.

आणि मी तर वायरमनची मुलगी.

चिपळूणच्या बाजारपेठेच्या कडेला बाबांचं दुकान होतं. बॅटरी, वायरिंग, सेल्फ, डायनॅमो. वरच्या माळ्यावर आम्ही राहायचो. खाली शटर उघडलं की दिवस सुरू, आणि दिवस म्हणजे हॉर्न. दुरुस्त केलेला हॉर्न तपासायची रीत एकच, बाकावर ठेवलेल्या बॅटरीला दोन वायरी लावायच्या आणि वाजवायचा. रिक्षाचा चिरका, जीपचा भरदार, टेम्पोचा घोगरा. मी पाढे म्हणत असायचे आणि बारा सत्ते चौऱ्याऐंशीच्या मध्ये खालून एक लांबलचक पँऽऽ यायचा. आई कढईत फोडणी टाकताना दचकायची, रोज, वीस वर्षं. तिला त्याची सवय कधी झालीच नाही. मला वाटतं हॉर्नचा माझा तिटकारा तिथूनच आलेला आहे. बाबांना मात्र त्यातलं सगळं वेगळं वेगळं ऐकू यायचं. आवाज ऐकून ते सांगायचे, याचा पॉइंट जळलाय, याच्या पडद्याला चीर गेलीय, याच्यात पाणी शिरलंय, तोंड वर करून बसवलाय कुणीतरी शहाण्याने.

एकदा सुट्टीत त्यांनी मला एक हॉर्न उघडून दाखवला होता. कडेचे रिव्हेट उडवले, झाकण निघालं, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पातळ पोलादी पडदा. करंट आला की वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, ते पडद्याला ओढतं. पडदा ओढला गेला की तोच आतला पॉइंट, म्हणजे करंट जिथे जोडला जातो तो सांधा, उघडतो आणि करंट तुटतो. करंट तुटला की पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा चिकटतो, पुन्हा करंट. सेकंदाला साधारण ४०० वेळा. मला ते फार अजब वाटलं होतं. स्वतःचाच करंट तोडत राहतो म्हणून तो वाजतो! बाबा म्हणाले, “आणि वापरला नाही तर पॉइंट गंजून चिकटतो. मग कितीही दाबा.”

दुकानात दिवसभर एक वाक्य घुमायचं, “अर्थ लागत नाही.” अर्थ म्हणजे अर्थिंग. गाडीत बॅटरीच्या प्लसपासून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला वायर जाते, पण परत येणारी वायर थोडं अंतर चालून गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते. परतीची वाट म्हणजे अख्खा पत्रा. तो जोड सैल झाला, गंजला, की सप्लाय कितीही असो, काम होत नाही. बाबांचे हाताखालचे पोरगे फ्यूज बघायचे, बल्ब बदलायचे, आणि बाबा बाकावरूनच ओरडायचे, “अरे, अर्थ लागतो का बघ आधी!” मी तेव्हा चौथी-पाचवीत. शाळेत बाई विचारायच्या, कवितेचा अर्थ लागला का? खाली दुकानात जीपचा अर्थ लागत नसायचा. बरीच वर्षं मी हे दोन्ही शब्द एकच समजत होते, आणि ते वेगळे आहेत हे कळल्यावर थोडी हिरमुसले होते. ब्रेक दाबला की भलताच इंडिकेटर मिणमिणतो, अशी गाडी आली की बाबा खुलायचे. मागच्या दिव्याचा अर्थ तुटलेला असायचा आणि करंट बिचारा दुसऱ्या दिव्यातून वाट काढत पत्र्यापर्यंत पोचत असायचा. “बघ,” ते मला बोलावून दाखवायचे, “घरी जायला धडपडतोय.”

हे काम ते मुंबईत शिकले, टॅक्सीच्या गॅरेजात. फियाट, मग तिचीच प्रीमियर पद्मिनी झालेली. त्या गाडीची वायरिंग मोजता यायची, डोळे मिटून काढता यायची असं ते सांगत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा पेपरातला तो काळ्या-पिवळ्या गाडीचा फोटो त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अजून आहे. एका बाबतीत मात्र ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. सिनेमातल्या धुनेचे, सुरावटीचे हॉर्न बसवून मागणारी पोरं यायची, टेम्पोवाली, सहा आसनीवाली, दुप्पट पैसे द्यायला तयार. बाबा बसवायचे नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यातला ११९ क्रमांकाचा नियम असे लागोपाठ बदलत्या सुरांचे हॉर्न लावायला मनाई करतो, हे मी फार पुढे वाचलं. बाबांनी तो वाचला असेल असं वाटत नाही. ते एवढंच म्हणायचे, हॉर्न म्हणजे हाक आहे, गाणं नव्हे.

आता त्यांना ऐकू येत नाही. डॉक्टर वयाचं कारण देतात. आईच्या मते दुकानाने कान नेले. कानातलं यंत्र आणून दिलंय, ते टेबलाच्या खणात असतं. तोंडासमोर जाऊन, ओठ नीट हलवून बोललं की त्यांना बरंचसं कळतं. दुकान बंद झालं ते मात्र कानांमुळे नाही, पुरामुळे. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं ते आमच्या माळ्याच्या जिन्याच्या सहा पायऱ्या सोडून थांबलं. पाणी ओसरल्यावर शटर वर करायला तिघं लागले. आत हॉर्नची खोकी, रिले, बल्ब, सगळं एकाच रंगाचं, गाळाच्या रंगाचं. बाबांनी आधी स्वतःचं दुकान साफ केलं नाही. रस्त्यावर रिक्षा रांगेने उभ्या होत्या, आत चिखल घेऊन. त्यांच्या पोटाचा प्रश्न आधी. दीड-दोन महिने ते रोज वायरींच्या जोडांचे कपलर सोडवत होते, स्वच्छ पाण्याने धुवायचे, आईच्या केस वाळवायच्या यंत्राने सुकवायचे, ग्रीसचा हात लावून पुन्हा जोडायचे. “आज चालतील,” ते म्हणायचे, “पण पाणी आत बसून राहिलंय. दोन-चार वर्षांनी एकेक बाहेर काढेल.” कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवं चढतं, तसंच तांब्याच्या वायरीला आतून चढतं. वरचं प्लास्टिक कोरं करकरीत, सोललं की आत हिरवी भुकटी. आमची स्वतःची ही छोटी पांढरी गाडीही त्या दिवशी पाण्यात होती. बाबांनीच ती उभी केली, आणि पुढे डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं तेव्हा मी पुण्याला नेली.

चिपळूणला पोचल्यावर मी त्यांना काही सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ऐंशीला आलेल्या माणसाला पावसात बोनेटखाली वाकवायचं नव्हतं, हे एक. दुसरं, हॉर्न बिघडला हे ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याला सांगायचं, हे जिभेवर येईना. सकाळी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. एसी प्रतीक्षागृह, काचेपलीकडे गाडी. तासाभराने मुलगा आला, “मॅडम, हॉर्न वाजतोय.” वाजवून दाखवला. वाजत होता! जरा बसका, पण वाजत होता. मी म्हटलं, काल घाटात अजिबात वाजला नाही. त्याने नम्रपणे सांगितलं की मग स्टेअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग जात असणार. स्टेअरिंग फिरतं आणि बटण त्याच्याबरोबर फिरतं, म्हणून मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते, ती तुटायला आली की हॉर्न लागून-सुटून वाजतो. कारण खोटं नव्हतं, तसं होतंच. पण त्याच केबलवरून एअरबॅगचीही जोडणी जाते, ती केबल गेली की बहुधा एअरबॅगचा दिवाही लागतो, आणि माझ्या समोर तसला कुठलाच दिवा लागला नव्हता. एवढं मला माहीत होतं. खर्चाचा आकडा ऐकला आणि गाडी परत घेऊन आले.

बाबा ओट्यावर बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, “काय झालं गाडीला?” म्हणजे त्यांना कळलं होतंच. मी समोर बसून सगळं सांगितलं, घाट, धुकं, म्हशी, तो माणूस, त्याचं वाक्य. ते ओठांकडे बघत राहिले. मग एकच विचारलं.

“लाईट लावले होतेस?”

हो. धुकं होतं ना. “आणि त्यांनी तिकडे तपासला तेव्हा?” तेव्हा नव्हते. लख्ख दिवस, कशाला लावतील? बाबा उठले. खणातून यंत्र काढलं नाही, पण त्याच्याच शेजारचा टेस्ट लॅम्प काढला. तो मी ओळखला. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला गोधडीची सुई, आणि मुठीत धरायच्या जागी काळ्या टेपचे इतके थर की त्याला बोटांचा आकार आलेला. माझ्याकडे मीटर होतं, ते मी पुढे केलं. त्यांनी हाताने बाजूला सारलं. मीटर १२ व्होल्ट दाखवील, म्हणाले, धाग्याएवढी तार शाबूत असली तरी दाखवील. वजन टाकल्याशिवाय दोराचं कळत नाही. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तो थोडं तरी वजन टाकतो.

आधी रिले, म्हणजे बटण दाबलं की हॉर्नला करंट जोडून देणारा खटका. त्यांनी मला हॉर्न दाबायला सांगितलं आणि फ्यूजच्या पेटीतल्या रिलेवर करंगळीशेजारचं बोट अलगद ठेवलं. पूर्वी ते ‘टक्’ असा आवाज ऐकायचे. आता बोटाने ऐकत होते. मान हलवली, रिले उचलतोय. म्हणजे बटण बरोबर, क्लॉक स्प्रिंग बरोबर. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हॉर्नला दोन हलके टोले दिले, पॉइंट चिकटला असेल तर सुटावा म्हणून. मग डाव्या हेडलाईटच्या मागे, आत, जिथे माझा हात गेलाच नसता, तिथे एक बोल्ट दाखवला. दोन हॉर्न आणि डावा हेडलाईट, तिघांच्या परतीच्या वायरी तिथे एकाच बोल्टला. चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, सुई त्या बोल्टला टेकवली. बल्ब लागला नाही. लागायला नकोच, दोन्ही जागा एकच असायला हव्यात, पत्रा आणि मायनस. “आता लाईट लाव.” मी आत हात घालून हेडलाईट लावले, आणि बाबांच्या मुठीतला बल्ब विस्तवासारखा लाल झाला. जिथे अंधार हवा तिथे उजेड. आमच्या अंगणात, पागोळ्यांच्या आत, तो मंद लाल बल्ब धरून बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं जे मी लहानपणी ब्रेक-इंडिकेटरच्या वेळी पाहिलं होतं. बोल्टच्या बुडाशी गंज धरला होता. वाट इतकी अरुंद झाली होती की हेडलाईटचा पाचेक अँपिअर करंट तिथेच अडून बसायचा, आणि हॉर्नसाठी काही उरायचंच नाही. दिवसा हेडलाईट बंद असला की जेमतेम वाजायचा. ज्या धुक्यात दिवा लावायचा, नेमका त्याच धुक्यात तो मुका व्हायचा. डावा हेडलाईटही पिवळट झाला होता म्हणे. ते तरी मला दिसायला हवं होतं!

१० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला. थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीच्या, खाली तीच हिरवी-तपकिरी भुकटी. बोटाला लावून मी वास घेतला, ओल्या नाण्यासारखा. वाशिष्ठी, म्हटलं मी, चुकून मोठ्याने. बाबांनी माझे ओठ वाचले आणि मान डोलावली. पॉलिश पेपरने त्यांनी पत्रा घासून पांढरा केला, नवी थिंबल दाबली, बोल्ट कसला, वर ग्रीस. वीस मिनिटांचं काम, त्यातली पंधरा पाठ सरळ करण्यात गेली.

मग जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. हॉर्न दणक्यात वाजला, पण त्यात पत्र्याची किरकिर होती. इतके दिवस उपाशी वाजून-वाजून पॉइंट बिघडले असतील. बाबांनी हॉर्नवर तळवा ठेवला होता, थरथर त्यांना कळत होती, सूर कळत नव्हता. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो पावपाव फेरा फिरवून सूर लावतात. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तू ऐक.” मी कशी ऐकणार? मी जन्मभर या आवाजाला कान बंद केलेले. पण ते वाकून तयार होते. एका हाताने मी बटण दाबायची, दुसऱ्या हाताने खूण करायची, अजून, अजून थोडा, नको, मागे. एकदा मी खूप वेळ काहीच खूण केली नाही, कारण मी ऐकत होते. पहिल्यांदाच ऐकत होते. दोन हॉर्न होते, एक वरचा, एक खालचा, आणि त्यांच्यात अंतर होतं, तानपुऱ्याच्या दोन तारांत असतं तसं. किरकिर गेली तसा तो आवाज एकदम गोल झाला. मी हात वर केला. आई स्वयंपाकघरातून दचकून बाहेर आलेली, पदराला हात पुसत, आणि ती काही बोलली नाही, दारातच उभी राहिली.

“वाजला?” बाबांनी विचारलं. तळवा अजून हॉर्नवरच होता.

परतताना घाट चढत होते. धुकं तसंच, हेडलाईट लावलेले. त्या वळणाच्या अलीकडे हॉर्न दिला, एकदाच. वळले तर पुढे म्हशी होत्या आणि खोळ घेतलेला एक जण, पाठमोरा. तोच होता की दुसरा, पाठीवरून कळलं नाही. त्याने मागे पाहिलं नाही, नुसती काठी वर केली आणि म्हशी डोंगराच्या बाजूला घेतल्या. एक रेडकू मात्र रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं, दिव्यांकडे बघत, हलेना. बटणावर अंगठा होता, तो मी काढून घेतला आणि हेडलाईट खाली केले. बराच वेळ थांबले. मग त्याची आई परत आली आणि त्याला घेऊन गेली.